टोस्टीच्या बदल्यात एक प्रश्न : केंब्रिजमधला मिशन वीक

केंब्रिजची लेंट टर्म म्हणजे जानेवारीच्या मध्यापासूनचे आठ आठवडे. दिवस लहान, अंगात मुरणारी ओली थंडी आणि प्रत्येकाच्या मानगुटीवर कुठला ना कुठला निबंध. नेमका याच टर्ममध्ये, फेब्रुवारीत, इथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संघटनेचा मिशन वीक येतो, म्हणजे बाकीच्या विद्यार्थ्यांशी ख्रिस्ताबद्दल बोलण्याचा आठवडा. केंब्रिज इंटर-कॉलेजिएट ख्रिश्चन युनियन ही संघटना 1877 पासूनची. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे आद्याक्षरं जोडून 'किक्यू' म्हणतात.

मी नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेले. शब्बाथ शाळा, पाळकसाहेब, टाळ-पेटीवरची ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, हे माझं जग. इथली मुलं प्रार्थना करतात ती खुर्चीत पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, दर वाक्यात दोनदा 'जस्ट' म्हणत. पहिले काही आठवडे मला ते परक्यांच्या घरी पंगतीला बसल्यासारखं वाटे. पण आमच्या कॉलेजच्या गटात माणसं मोजकी, त्यामुळे नवी असूनही माझ्याकडे एक खातं आलं : टोस्टी.

टोस्टी म्हणजे आपलं गाडीवरचं टोस्ट सँडविच, फक्त आत चटणी नाही, बटाटा नाही. चीज आणि फार तर हॅम. योजना अशी की कॉलेजभर एक फोन नंबर वाटायचा. ज्याला भूक लागली असेल त्याने त्यावर मेसेज करायचा : आत काय घालू आणि देवाबद्दलचा तुमचा प्रश्न कोणता. अर्ध्या तासात दोघं जण गरम टोस्टी घेऊन खोलीच्या दारात हजर होतात आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतात. टोस्टी फुकट. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत हा प्रकार चालतो.

काम सुरू होतं मागच्या टर्मपासून. वक्ते ठरवा, सभागृह धरा, बाहेरचा वक्ता म्हणून विद्यापीठाच्या परवानगीचे फॉर्म भरा, पत्रकं छापा. हे सगळं कमिटीने केलं, त्यात माझा हात नव्हता. माझ्या वाट्याला आला तो अन्नाचा कागद. इथल्या कायद्यात अॅलर्जीच्या 14 पदार्थांची यादी आहे. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे हे आपल्याला सुचतं, पण त्यात सेलेरी आहे, मोहरी आहे, तीळ आहेत आणि लुपिन नावाचं एक कडधान्यही आहे. कोणत्या ब्रेडमध्ये काय, हे पाकिटांवरून उतरवून काढण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. मग व्हेगन चीज वेगळं, त्याची सुरी वेगळी, हॅमला हात लावणारा माणूस वेगळा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सोवळंच की गं!"

आठवड्याचा साचा ठरलेला. सकाळी आठला प्रार्थना, दुपारी भाषण आणि फुकट जेवण, संध्याकाळी मोठं भाषण, रात्री टोस्टी. मधल्या वेळात आपापली लेक्चरं. जुने विद्यार्थी खास रजा काढून मदतीला येतात, गटागटांत वाटले जातात आणि कुणाच्या तरी जमिनीवर गादी टाकून झोपतात. दुपारच्या भाषणांचे विषय ठरीव असतात : विज्ञानानंतर देवाची गरज आहे का, देव आहे तर दुःख का, सगळ्या धर्मांत एकच मार्ग खरा कसा. वक्ता वीस-पंचवीस मिनिटं बोलतो, मग लोक फोनवरून प्रश्न पाठवतात. बरीच मुलं सँडविच संपलं की उठून जातात. कुणी अडवत नाही, आणि अडवू नये असं मलाही वाटतं.

पत्रकं वाटण्याचं काम मात्र मला अजिबात जमलं नाही. सायकलवरून सुसाट जाणाऱ्या मुलांपुढे हात करून उभं राहायचं, ते 'नो थँक्स' म्हणतात, तेही इतकं गोड की राग धरता येत नाही. या गावाने याहून वाईट पाहिलंय. चार्ल्स सिमियन 1782 मध्ये इथल्या होली ट्रिनिटी चर्चचा पाळक झाला, तेव्हा तो नको म्हणून तिथल्या बाकांच्या मालकांनी बाकांच्या दारांना कुलपं लावली होती. लोक मधल्या वाटेत उभे राहून उपदेश ऐकत. तरी तो मरेपर्यंत, म्हणजे 1836 पर्यंत, तिथंच राहिला. पुढे 1882 मध्ये मूडी नावाचा अमेरिकन सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, आला. पहिल्या सभेत मुलांनी त्याच्या सोबत्याच्या गाण्यांना 'वन्स मोअर' ओरडून हुर्यो उडवली, आणि आठवडा संपता संपता त्यांतलेच कितीतरी जण त्याच्याकडे आले. तीन वर्षांनी केंब्रिजशी नातं असलेले सात तरुण चीनला मिशनरी म्हणून गेले, त्याची तर देशभर चर्चा झाली. आज हुर्यो कुणी उडवत नाही. गोड नकारापुढे काय करायचं, हे सिमियनलाही सुचलं असतं की नाही कोण जाणे.

रात्रीची गोष्ट वेगळी. कॉलेजातल्या सामाईक स्वयंपाकघराला इथे 'जिप' म्हणतात. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. एका बाजूला दोन टोस्टर, दुसऱ्या बाजूला किसलेल्या चेडरचा ढीग. ब्रेडला लोणी आतून नाही, बाहेरून लावायचं, तरच कड कुरकुरीत होते. हे मला एका वेल्श मुलीने शिकवलं. वैद्यकाची विद्यार्थिनी, आठवडाभराची माझी जोडीदार. खिडकी सताड उघडी, कारण ब्रेड जरा करपला की धुराचा अलार्म वाजणार आणि अख्खा जिना नाइटड्रेसवर अंगणात येणार. भिंतीवर कागद : खोली, आत काय, प्रश्न काय. त्यांतले काही प्रश्न इथे देते. चीज आणि जॅम : देवाने गांधीलमाशी का केली? हॅम, चीज, अननस : पिझ्झावर अननस हे पाप आहे का? नुसतं चीज : माझा भाऊ गेला तेव्हा देव काय करत होता?

त्या शेवटच्या दाराशी आम्ही उत्तर दिलंच नाही. तसं ठरवलं नव्हतं. त्याने दार उघडलं, टोस्टी घेतली आणि आम्हाला आत बसायला सांगितलं. मग भावाचे फोटो दाखवले, आम्ही पाहिले. जोडीदारणीने जाताना विचारलं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? तो म्हणाला, इथे नको, तुमच्या तुम्ही करा. तसं केलं.

आता फुकट खाण्याबद्दल. हे काम करताना सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, आणि माझ्या गटात ते दुसऱ्या कुणाला टोचायचं कारण नव्हतं. आमच्याकडे 'गव्हासाठी बाटले' हे वाक्य ऐकत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. माझ्या घरात बाप्तिस्मा आला तो 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या पिढीत, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. धान्य मिळालं असेल का? असणार. शाळाही मिळाली आणि वर्गाच्या आत बसायला मिळालं. खापरपणजोबा नेमके कशासाठी गेले हे सांगायला ते नाहीत. बाकीच्यांना मात्र त्याचं उत्तर तोंडपाठ असतं. आणि त्यांचीच मी, इथे दारोदार चीज टोस्ट वाटत देवाबद्दल बोलत होते. हे मी जोडीदारणीला सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, आपण असा विचारच कधी केला नाही.

माझ्यापुरता मी निवाडा केला तो असा. इथला मुलगा उपाशी नाही. तो टोस्टी घेऊन दार लावून घेऊ शकतो, कित्येक जण घेतात, आणि त्याचं काहीही बिघडत नाही. नाही म्हणणं जिथं इतकं स्वस्त आहे तिथं होकाराबद्दल कुणाला शंका घेता येत नाही. उपाशी माणसाच्या होकाराबद्दल मात्र जग शंका घेतच राहतं, मग तो कितीही खरा असो. म्हणून टोस्टी देताना मी एक वाक्य आधी म्हणायला लागले : प्रश्न विचारायलाच हवा असं नाही, ही तुझीच आहे. गटातल्या एक-दोघांना ते आवडलं नाही. प्रश्नच नाही तर बोलणार काय, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे.

भारतीय चेहरा पाहून एक प्रश्न मात्र हमखास येई : तुम्हाला इंग्रजांनी ख्रिस्ती केलं का? यावर माझं उत्तर लांब, टोस्टी गार होईपर्यंत चालणारं. मुंबईत 1813 मध्ये आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन होते आणि ईस्ट इंडिया कंपनी त्यांना हाकलून लावायच्या बेतात होती. मिशनऱ्यांनी धंद्यात विघ्न येईल, अशी तिची भीती. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन आमच्या नगरात आलं. तिथल्या सिंथिया फरार बाईंकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. आणि नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो साहेबाच्या दबावाने नव्हे; उलट त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. इंग्रज मुलांना यातलं काहीच ठाऊक नसतं. एकाने तर मनापासून माफी मागायला सुरुवात केली होती. त्याला म्हटलं, थांब, तू माफी मागायची ती वेगळ्या गोष्टींची.

एका रात्री कागदावर आलं : चीज, हिरवी मिरची, प्रश्न : मिरची मिळेल का? मी जोडीदारणीला म्हटलं, हा आपल्याकडचा. दारात गणितात पीएचडी करणारा पुण्याचा मुलगा. माझं नाव ऐकून क्षणभर थबकला, मग "अगं, नगरची का? आत ये, चहा टाकतो," म्हणून मोकळा झाला. घर नास्तिक, आजोबांपासून. त्याने लगेच रँग्लर परांजपे काढले. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, सेंट जॉन्स कॉलेज, 1899 चा सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला, आणि जन्मभर पक्का बुद्धिवादी. "तुमच्या मिशनला आमचा हा एक माणूस पुरे," म्हणाला. मी म्हटलं, त्याच सेंट जॉन्सचा 1801 चा सीनियर रँग्लर हेन्री मार्टिन. सिमियनचा साहाय्यक झाला, हिंदुस्थानात गेला, नवा करार हिंदुस्तानीत आणला आणि 1812 मध्ये एकतिसाव्या वर्षी तुर्कस्तानात तोकातला वारला. एक-एक झालं. वेल्श बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत चहा पीत होती.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "हेच तू नगरला कुणाच्या दारात जाऊन करशील?"

नाही, म्हटलं. तिथं दार वाजवणारी मी एकटी नसते. माझ्या मागे आमची वस्ती उभी असते आणि त्याच्या मागे त्याची. इथं दोन विद्यार्थी आणि एक टोस्टी, बस्स. तो म्हणाला, हे उत्तर प्रामाणिक आहे पण तुझ्या संघटनेला चालणार नाही. चालो न चालो, मला तेच द्यायचं होतं.

शेवटच्या रात्री तो मोठ्या भाषणाला आला, मागे बसला आणि पुनरुत्थानाच्या पुराव्यावर वक्त्याला फोनवरून प्रश्न पाठवला. वक्त्याने तो वाचला, उत्तर दिलं, याला पटलं नाही. बाहेर पडताना 'पुढे काही वाचायचं असेल तर' असा फॉर्म असतो, तोही त्याने भरला नाही. असे फॉर्म किती आले यावर नंतर बरीच बेरीज होते. मला त्या आकड्यांत रस नव्हता, म्हणून मी टोस्टर घासायला गेले. वितळून गोठलेलं चेडर लोखंडाला असं धरतं की सुरीने खरवडावं लागतं.

मिशन वीकनंतर दर गुरुवारी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचं वाचन असतं, छोटा गट, कुणीही यावं. पहिल्या गुरुवारी तो दारात उभा. आपण फक्त वाद घालायला आलोय, हे त्याने आधी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि मग 'प्रारंभी शब्द होता' या त्यातल्या पहिल्याच ओळीवर तासभर घातलाही.