बाईंना ऐकू येणारा दुसरा हम

अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कापलेली दिसली की माझं डोकं फिरतं. हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण, कमी होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि अँपची लोखंडी पेटी अर्थिंगविना राहते. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर फ्यूज उडायच्या ऐवजी माणूस उडेल. बाईंच्या घरी तेच केलेलं होतं. पेटीला मीटर लावला, तर ऐंशीच्या वर व्होल्ट. "हो, हात लावला की झिणझिण्या येतात," बाई म्हणाल्या. "त्या दादांनी सांगितलं, जुनी मशिनं अशीच असतात."

बाई गाणं शिकवायच्या. रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलला नवीन कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा सिग्नल बनवणारा भाग) बसवल्यापासून हम सुरू झाला, ही तक्रार. एकाने पिन कापली. दुसऱ्याने सगळ्या वायरी बदलल्या आणि जाताना "तुमचे कानच फार तिखट आहेत" असं सांगून गेला. मला त्यांनी दारातच ऐकवलं, "हम एक नाही, दोन आहेत. एकाला सा धरलं तर दुसरा कोमल गंधार लागतो." मी मान डोलावली. आवाजाचं वर्णन जो तो आपापल्या परीने करतो. ते ऐकून घ्यायचं आणि कामाला लागायचं.

रेकॉर्डला हम इतका का चिकटतो, ते थोडक्यात सांगतो. सीडी प्लेयरमधून साधारण 2 व्होल्टचा सिग्नल येतो, तर साध्या मॅग्नेट कार्ट्रिजमधून 4-5 मिलीव्होल्ट. फोनो स्टेज, म्हणजे अँपमधला रेकॉर्डसाठीचा भाग, तो शंभरेक पट वाढवते. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. ऐकताना तो परत वाढवावा लागतो. 1954 पासून चालत आलेल्या आरआयएए कर्व्ह नावाच्या ठरलेल्या मापाप्रमाणे 50 हर्ट्झच्या आसपास ही वाढ मधल्या सुरांच्या मानाने जवळजवळ सातपट असते. घरातल्या विजेचा सूर नेमका तोच, 50. वायरीत कुठून केसभर जरी शिरला, तरी स्पीकरमधून बैल हंबरल्यासारखा बाहेर पडतो.

सुई वर, मोटर बंद, आवाज वाढवला. हम वाढला, म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी. इनपुट बदललं, गेला, म्हणजे फोनोच. उजवीकडे जास्त होता. टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदलल्या, तर हम डाव्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे अँप निर्दोष, आजार टर्नटेबलात. मग टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार अँपच्या स्क्रूवरून सोडवली. ती सोडवली की हम वाढतो, हा नियम. इथे तो जवळजवळ नाहीसा झाला.

तार काढून हम जात असेल, तर आर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, दुसरीकडूनही अर्थिंग मिळतंय. भिंग लावून कार्ट्रिजची मागची बाजू बघितली. चार पिना: पांढरी, निळी, लाल, हिरवी. हिरवी म्हणजे उजव्या चॅनेलची ग्राउंड. त्या हिरव्या पिनेवरून कार्ट्रिजच्या धातूच्या अंगावर नखाच्या कोरीएवढी पितळी पट्टी दाबून बसवलेली होती. काही कार्ट्रिजना ती कारखान्यातूनच येते आणि प्लास्टिकच्या हेडशेलमध्ये (आर्मच्या ज्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) उपयोगीही पडते. बाईंचा हेडशेल धातूचा, आर्मला जोडलेला, आर्मला स्वतःची वेगळी तार. अर्थिंगला दोन वाटा, झाला लूप पुरा, आणि लूपमध्ये विजेचा हम शिरतो. मल्टिमीटरने हिरवी पिन आणि आर्म यांच्यात बीप दिली. चिमट्याने पट्टी सरकवून काढली, तार परत स्क्रूखाली घट्ट केली. शांत. वायरी बदलणाऱ्याने हीच हिरवी पिन स्वतःच्या हाताने काढून परत लावली असणार, आणि पट्टी त्याला दिसली नाही!

प्लग बदलून खरं अर्थिंग दिलं आणि बाजूला काढलेली टीव्हीची वायर अँपला परत जोडली, तेव्हा वेगळाच हम उठला. टीव्हीच्या अँटेनाच्या केबलमधून अर्थिंग दुसऱ्या वाटेने येत होतं. पिन कापणाऱ्याला त्रास होता तो याचा. टीव्हीच्या आवाजाच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला, प्रश्न मिटला. पेटीवर शून्य व्होल्ट.

बाईंनी रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. "सा गेला. गंधार आहे."

कान स्पीकरला लावला, तर खरंच होता. पुसट, पण होता. सुई उचलली की नाही. मोटरची थरथर सुईतून येत असेल असं वाटलं, म्हणून पूर्ण बाजू ऐकली. एक गाणं संपलं आणि हम कापल्यासारखा थांबला. मधल्या कोऱ्या जागेत फक्त सुईची सळसळ. पुढचं गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी परत हजर. मोटर तर सगळा वेळ फिरत होती. टर्नटेबल 45 वर टाकलं, तसा हमही गाण्याबरोबर वर चढला. "मध्यमाच्या जरा वर," बाई. 45 भागिले 33⅓ म्हणजे 1.35, शुद्ध मध्यम 1.33. विजेतून येणाऱ्या हमला टर्नटेबलच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. हा खाचेतच कोरलेला होता.

रेकॉर्डिंग अमेरिकेतलं, तिथली वीज 60 हर्ट्झची. मूळ टेपवरच तिथल्या विजेचा हम बसलेला. गाण्यांच्या मध्ये कोरी पट्टी जोडलेली, म्हणून तेवढ्यापुरता गायब. 60 भागिले 50 म्हणजे 6/5, आणि कोमल गंधाराचं प्रमाण तेच. बाईंनी दारात सांगितलेलं अक्षरशः खरं होतं, आणि दोन मेकॅनिक ते कानांवर ढकलून गेले होते.

फिल्टर लावून 60 कापता येईल, पण बास गिटारचा तिथला सूरही जाईल, असं सांगितलं. नको म्हणाल्या.

आता त्यांचा फोन येतो तो दुरुस्तीसाठी नाही. एका रेकॉर्डच्या कव्हरवर रेकॉर्डिंग लंडनचं लिहिलंय, म्हणजे 50 च्या मुलखातलं, आणि हम मात्र कोमल गंधाराचा. मी मोबाइलवर आलेख काढून पाहिला: 60 आणि 120. माझं म्हणणं, टेपची नक्कल अमेरिकेत झाली असेल. बाई विचारतात, मग मूळ टेपचा सा त्याखाली का नाही? मूळ टेपवर हम नसेलच, हे माझं उत्तर. ते त्यांना लंगडं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं पटत नाही. त्यांच्या मते कव्हरच खोटं आहे.