आमची वाटचाल: टँकच्या अंगावरच्या कड्या

भोसरीत शेड घेतली तेव्हा आम्ही जुन्या जीपचे सुटे भाग करायचो. फावडं-कुऱ्हाड बांधायचा पट्टा ज्यातून ओवतात ती कडी, म्हणजे फूटमन लूप, हा आमचा चालता माल. मग इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, शर्मनसाठी कराल का? दुसऱ्या महायुद्धातला हा अमेरिकन टँक. आत पाच माणसं आणि गोळे, त्यामुळे फावडं, कुऱ्हाड, घण, पहार सगळं बाहेर. जीपवर कडी स्क्रूने बसते, इथे थेट हलवर, म्हणजे टँकच्या चिलखती धडावर, वेल्ड. म्हणून प्लेटिंग, म्हणजे झिंकचा मुलामा, नको, काळाच माल हवा. झिंक असलं की वेल्डला भोकं पडतात. हे बजावून सांगणारं गिऱ्हाईक आजही आमचंच आहे आणि न मागता ॲडव्हान्स देतं.

पार्टनर माझा मेव्हणा, जातिवंत टूलमेकर. नगरच्या टँक म्युझियममध्ये लोक तोफेजवळ फोटो काढतात, हे महाराज चिलखतावरचे क्लॅम्प बघत फिरतात. वाकावर चीर येऊ नये म्हणून पंचला, म्हणजे पट्टी दाबून वाकवणाऱ्या ठशाला, रेडियस (गोलाई) किती द्यायचा, यात त्याने अख्खी दिवाळी घालवली.

आणि मग मागच्या गल्लीतल्या एकाने आमचा ऑपरेटर फोडला. ड्रॉइंगही गेलं. निम्म्या रेटने माल सुरू! डाय, म्हणजे साचा, नाहीच, पट्टी व्हाइसमध्ये वाकवायची, वर चकचकीत झिंक. आमच्या ऑर्डरी तुटल्या, बँकेची आमच्या प्रेस मशीनवर नोटीस आली. मेव्हण्याने गावची जमीन गहाण टाकली म्हणून शेड राहिली.

नक्कल तर आम्हीही करतो. पण करायची तर पुरती करावी. जर्मनांचा 20 लिटरचा जेरीकॅन, म्हणजे पेट्रोलचा डबा, बघा. वर तीन मुठी, म्हणजे एका हातात दोन रिकामे कॅन. इंग्रजांचे पत्र्याचे डबे वाळवंटात गळायचे. त्यांनी शत्रूचा कॅन जसाच्या तसा उचलला. अमेरिकनांनी मात्र वेल्डऐवजी कड दुमडली आणि पाना-नरसाळं लागेल असं झाकण बसवलं. नव्या पोरांनो, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहा, पण डायचा रेडियस लिहू नका. तो टूलमेकरच्या डोक्यात राहू द्या. आणि त्याला भागीदारी द्या, पगार नको.

पुढची वर्षं बरी गेली. सध्या पँझर 4 या जर्मन टँकच्या अवजारांचे स्प्रिंग क्लॅम्प चालू आहेत. टेम्परिंग, म्हणजे तापवून स्प्रिंगला चिवटपणा आणणं, बाहेर, बाकी सगळं घरात. मागच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांचा धंदाही चालू आहे. त्यांच्या कॅटलॉगात पहिल्या पानावर अजून आमच्याच कडीचा फोटो आहे. काळी आहे, झिंक नाही.