रिट्रॅक्टमधली हवा जाते कुठे?

माझ्या मॉडेल विमानाचे रिट्रॅक्ट, म्हणजे उडताना आत मिटणारे चाकांचे पाय, दाबाच्या हवेवर चालतात. टाकीत साधारण १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब भरायचा. सर्व्हो, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी मोटर, व्हॉल्व्ह सरकवतो आणि चाकं वर-खाली होतात. हल्ली मात्र टाकीतला दाब टिकेनासा झाला.

हवा भरल्या भरल्या दाबाच्या गेजचा काटा थोडा उतरतोच, ती गळती नव्हे. पंपाने तापलेली हवा गार होत असते. नंतरही खोली १० अंशांनी गार झाली, तर १०० पीएसआयमधले चारेक तेवढ्यानेच कमी दिसतात. म्हणून जरा थांबून मगच गेजवर पेन्सिलने खूण केली.

गळती शोधायला साबणाचं पाणी लगेच हातात घेतलं नाही. आधी चाकं खाली ठेवून काटा बघितला, मग वर घेऊन. व्हॉल्व्ह एका वेळी एकाच बाजूच्या नळ्यांना दाब देतो, दुसरी बाजू मोकळी सोडतो. दोन्ही वेळा हवा उतरली तर टाकी, भरायचा व्हॉल्व्ह किंवा मुख्य व्हॉल्व्ह बघायचा. दोन्हींपैकी एकदाच उतरली तर अर्धं काम तिथेच संपतं.

चाकं खाली असताना काटा जागचा हलला नाही. वर घेतली की तासाभरात दाब निम्म्यावर! ही बाजू जास्त धोक्याची, कारण उड्डाणभर चाकं वरच असतात आणि उतरताना दाब उरला नाही तर विमान पोटावर टेकवावं लागतं.

मग प्रत्येक पायाची 'वर'ची नळी सिलिंडरजवळ आळीपाळीने दाबून धरली. चिमट्याच्या दातांवर रबरी नळीचे तुकडे चढवले होते, नाहीतर नळीच कापली जाते. डाव्या पायाची नळी दाबली आणि काटा थांबला. आता साबणाच्या पाण्याचा ब्रश. जोडांवर काहीच नाही, पण सिलिंडरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे बारीक फेस गोल धरून वाढत होता. चाक वर घेताना दाब दांड्याच्याच बाजूला असतो, त्यामुळे तिथला ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) एकाच दिशेला गळतो. पिस्टनचा ओ-रिंग खराब असता तर हवा पलीकडच्या नळीतून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडाशी निघाली असती. तिथेही फेस लावून बघितला, स्वच्छ होतं.

जुना ओ-रिंग कडक, एका बाजूने चपटा झाला होता. दांडा पुसला, नव्यावर सिलिकॉन तेलाचा थेंब लावला. उजव्या पायाचाही बदलला, वय दोघांचं सारखंच. नळ्यांची ताठरलेली टोकं कापून सरळ केली, मग चाकं वर ठेवून रात्रभर सोडलं. सकाळी काटा खुणेच्या किंचित खाली होता. खोलीही तेवढी गार झाली होती.