सरांचा सांभाळ

भूतानमध्ये १९६०च्या दशकात आधुनिक शाळा मोठ्या संख्येने उभ्या राहू लागल्या आणि तेव्हापासून भारतातले शिक्षक तिकडे जात आले. त्यांत केरळची मंडळी पुष्कळ. मी पूर्वेकडच्या त्राशिगांग जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवायला गेलो, तेव्हा मराठी बोलण्यासाठी मला आरशाखेरीज दुसरी सोबत नव्हती. परदेशात शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यांचा लळा लागतो असे अनेक जण सांगतात आणि त्याचे श्रेय मुलांच्या निरागसपणाला देतात. मला ते कारण अपुरे वाटते. निरागस मुले साताऱ्याच्या वर्गातही होती आणि तिथे मी कामापुरताच प्रेमळ होतो. त्राशिगांगला फरक पडला तो असा, की फळ्यापुढचा तास संपला की त्या आवारातला सर्वांत अडाणी माणूस मी असे, आणि चौथीतल्या मुलांनी ते माझ्याआधी ओळखले.

सुरुवात हजेरीपासून झाली. तिथे बहुतेकांना आडनाव नसते, नाव पुष्कळदा लामांनी ठेवलेले असते, आणि सोनम, कर्मा, पेमा, त्शेरिंग ही नावे मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात. मी ‘सोनम’ म्हणालो की तीन बाकांवरून उत्तर येई. दोन-चार दिवस हा गोंधळ पाहून मुलांनीच तोड काढली. मी नाव उच्चारले की पुढच्या बाकावरची एक मुलगी ज्या सोनमकडे माझी नजर असेल तिच्याकडे हळूच बोट दाखवी. घरी त्सांगला, शाळेत झोंगखा आणि इंग्रजी, वर टीव्हीवरून उचललेली थोडी हिंदी, एवढ्या भाषा सांभाळणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांना माझ्यासारख्या माणसाची अडचण कळायला कितीसा वेळ लागणार!

शाळेच्या समारंभाला मी हौसेने घो घालायचे ठरवले, तेव्हा तर त्यांनी मला पुरते ताब्यात घेतले. घो हा पुरुषांचा पायघोळ अंगरखा. तो गुडघ्यापर्यंत वर ओढून, पाठीमागे दोन्ही बाजूंना सारख्या घड्या पाडून, कमरेला केरा नावाच्या पट्ट्याने घट्ट आवळायचा असतो. हे एकट्याला साधायला लहानपणापासूनची सवय लागते. दोन मुलगे मागे घड्या धरून, एक पुढून केरा खेचत, आणि चौथा लांब उभा राहून तिरकेपणा सांगत, अशी माझी तयारी झाली. पट्टा इतका आवळला होता की भाषणे संपेपर्यंत मी अर्धाच श्वास घेतला. पण खांद्यावरून हात फिरवून सुरकुती काढणाऱ्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या मामाची काळजी होती.

घोच्या पोटाशी एक मोठी खोळ तयार होते आणि मुलांचा सगळा संसार तिच्यात असतो: वही, भाजलेला मका, याकच्या दुधाचे दगडासारखे कडक चीज. पावसाळ्यात तिच्यात मिठाची पुडीही असे. पायवाटेवर जळवा चढत, आणि माझ्या मोज्यावरची जळू मला दिसण्यापूर्वी कोणीतरी खाली बसून तिच्यावर मीठ टाकून मोकळे झालेले असे. जेवणाच्या वेळी लाल भातासोबत एमा दात्शी येई. तिच्यात मिरची चवीपुरती नसते. मिरचीचीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली. ठेच्यावर वाढलेल्या माणसाचा अभिमान पहिल्या घासाला गळाला. मुले हसली, पण तोंडावर हात धरून, कारण वडीलधाऱ्यांशी बोलताना तोंड झाकण्याची तिथे रीत आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटातल्या मिरच्या कोणीतरी आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या.

अशा मुलांवर रागावणे कठीण जाते. अपूर्णांकांची बेरीज चुकली म्हणून मी आवाज चढवायचो, आणि मग दुपारी याच पोराच्या मागून घरचा उतार उतरायचा आहे हे आठवायचे. शिक्षकाचा अधिकार त्याने कमी झाला असेल. मला त्याची खंत नाही.

२ मे हा तिथला शिक्षक दिन. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी मुले नाचतात, भेटकार्डे देतात, आणि प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी पुढे करतात. ते सारे छानच असते, पण माझा जीव गुंतला तो समारंभात नव्हे.

डिसेंबरात निकाल लागला की हिवाळ्याची लांब सुटी सुरू होते. मी साताऱ्याला येऊन गेलो आणि फेब्रुवारीत परतलो, तेव्हा माझी मुले पाचवीत गेली होती आणि माझ्यापुढे नवी चौथी बसली होती. पहिल्या तासाला खिडकीशी खुसफूस ऐकू आली. बाहेर उभे राहून दोन जुने विद्यार्थी नव्यांना घाईघाईने समजावत होते: सरांना तिखट चालत नाही, सोनम म्हटले की कोण ते दाखवायचे, आणि केरा फार घट्ट बांधायचा नाही.