तुम्ही विचारलंत म्हणून: टीपीचं पुस्तक

"बाई, तुमाले त्या एआयतलं समजते तरी काय? मग बैठका कायले घेता?"

महिन्यातून दोनदा तरी हे कोणी ना कोणी विचारतंच. भाजीवाली विचारते, शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात. नागपूरच्या मिहान उद्योग-वसाहतीत नोकरीला असलेला भाचा तेच जरा सभ्य भाषेत विचारतो, "मावशी, हे तज्ज्ञांचं काम नाही का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. समजत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण ट्रान्सफॉर्मर (आजचं एआय ज्या रचनेवर चालतं ती) म्हटलं की डोळ्यांपुढे अजून चौकातली विजेची डीपीच येते. तरीही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण एआयवर बोलायला बसतो.

मागच्या खेपेला एक अंगणवाडी सेविका आली होती. गरोदर बायांना आणि लहानग्यांना घरी न्यायला जो पोषण आहार मिळतो, तो देण्याआधी मोबाइलवरच्या एआयकडून चेहरा जुळवून घेणं १ जुलै २०२५पासून देशभर सक्तीचं झालं. ते कसं करतात हे तिने माझ्याच तोंडासमोर फोन धरून दाखवलं. "खिडकीकडे पाठ नका करू, उजेड मागून आला की घेत नाही. आता डोळे मिचकवा. हळू, बाई, हळू." त्याच्याही आधी आधारचा ओटीपी लागतो. तो जातो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा असतो बाहेरगावी कामावर. रांगेतली बाई पोर कडेवर घेऊन उभी. "मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते," सेविका म्हणाली, "पण मी ओळखून चालत नाही."

आमच्यातले एक निवृत्त बँकवाले म्हणाले, खोटी नावं गाळायला आणलं असेल, त्यात वाईट काय? मुद्दा रास्त होता. तिनेही तो नाकारला नाही. "असतील ना खोटी. पण चेहरा जुळला नाही तर पाकीट द्यायचं का नाही, हे कोणी ठरवलं?"

या प्रश्नाला ट्रान्सफॉर्मर कळावा लागत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. यंत्र बनवणाऱ्याला जे दिसत नाही, ते या बाईला रोज दिसतं. भाच्याला मी एवढंच म्हणते की तज्ज्ञ हवेतच, पण काय चालवून घ्यायचं हे ठरवणं गणित नव्हे.

आता तुमचा दुसरा, खरा टोचणारा प्रश्न: आपल्याला विचारतं कोण?

नागपुरातलंच पाहा. पोलिसांच्या तपासात एआय वापरण्यासाठी राज्य सरकारने २०२४मध्ये 'मार्वल' नावाची यंत्रणा उभी केली, ती आपल्याच शहरात, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. सायबर भामट्यांना पकडायला उपयोग होत असेल तर मला आनंदच आहे. पण ती कुठपर्यंत वापरायची यावर या शहरात एखादी जाहीर सभा झाल्याचं मला आठवत नाही. अर्थात मार्च २०२२पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. जिथे गटारासाठी धरायला माणूस नव्हता, तिथे एआयचं कोणाला सांगणार होतो?

काही ठिकाणी विचारतात. तैवानमध्ये प्रसिद्ध लोकांचे चेहरे आणि आवाज बनवून गुंतवणुकीच्या खोट्या जाहिराती फिरत होत्या. सरकारने २०२४मध्ये दोन लाख लोकांना एसएमएस पाठवला, तयार झालेल्यांतून चारशेच्या वर साधी माणसं निवडली आणि त्यांना ऑनलाइन लहान लहान गटांत चर्चेला बसवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये फसवणूकविरोधी कायदा झाला आणि जाहिरातदाराची ओळख तपासण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर आली.

अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय बनवणाऱ्या कंपनीनेही २०२३मध्ये सुमारे १,००० लोकांना विचारलं होतं, की चॅटबॉटने कोणते नियम पाळावेत? १,१२७ विधानं आली, ३८,२५२ मतं पडली, त्यावरून एक मॉडेल शिकवूनही पाहिलं. चांगला प्रयोग. पण पुढे त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कंपनीच ठरवणार.

इथे मला मेंढा हे गाव आठवतं. गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वस्ती पाचेकशे. नव्वदच्या दशकात मी तिथल्या अभ्यास गटात दोन दिवस बसून आले. कायदा कोणालाच पाठ नव्हता. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, लागेल तो जाणकार बोलवायचा, त्याला वाट्टेल ते विचारायचं, पण निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. एकाचं जरी मन मानत नसलं तरी विषय पुढच्या सभेला. मला तेव्हा ते फार वेळखाऊ वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

याच गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, तिकडे त्याला टीपी म्हणतात, आणि टीपीचं पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे जंगल तुमचं, बांबू तुमचा, फक्त गावाबाहेर न्यायचा नाही! शेवटी एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

म्हणून कोणी म्हणालं की आम्ही एआयवर लोकांची मतं मागवली, की मी विचारते, टीपी कोणाकडे आहे? कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असं केंद्राचं २०१४चं धोरण सांगतं. पण सेविकेच्या फोनमधलं ॲप कायदा म्हणून येत नाही. ते आदेश म्हणून येतं, एखाद्या सोमवारी, अपडेट होऊन.

त्या रविवारी आम्ही पत्र लिहिलं. दोनच वाक्यं ठेवायला दीड तास गेला, कारण बँकवाल्यांना 'आहार आधी, पडताळणी नंतर' मान्य होईना. शेवटी 'पडताळणी सात दिवसांत' एवढं घातलं तेव्हा ते मानले. पत्र बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना गेलं. टीपी त्यांच्याकडे नाही, दिल्लीत आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी ते वर पाठवावं एवढंच मागितलं.

सेविकेने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे बाई, फक्त माझं नाव टाकू नका. मानधन अडकते."

मग पहिली सही मीच केली. माझी पेन्शन कोण अडवतं?