तांबडी वही

माळा आवरताना आजोबांची उधारीची वही सापडली. पुठ्ठा झिजलेला, पानांच्या कडा रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीतल्या धुळीने अजून तांबूस.

वेंगुर्ल्यातलं चालतं दुकान भावाच्या गळ्यात टाकून हे गृहस्थ रेडीला गेले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधी सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच. झावळ्यांच्या मांडवात चहा, उसळ-पाव, विड्या, रॉकेल. गिऱ्हाईक म्हणजे खाणकामगार नि ट्रकवाले. आजी वैतागायची, "कप तीनदा धुयलंय, तरी च्या तांबडीच!"

खरी परीक्षा पावसाळ्यात. दर्या खवळला की बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट होड्या, बंद, लोहखनिज काठावर पडून, मजुरांचे खिसे रिकामे. आजोबा नारळी पौर्णिमेपर्यंत तांदूळ उधार देत. वहीत नावं थोडी, खुणाच जास्त: ‘डावखुरो’, ‘शिट्टीवालो’, ‘लाल ट्रक’. निम्म्यांवर काट नाही, म्हणजे पैसे बुडालेच की!

१९७६ मध्ये खाणीच्या परिसरात द्विभुज गणपतीची मूर्ती मिळाली आणि माणसांची रीघ लागली. सगळ्यांनी आजोबांना नारळ ठेवायला सांगितलं. "देवाच्या नावान धंदो नको," म्हणाले. मला विचाराल तर तिथे चुकलेच म्हातारबुवा.

शेवटच्या पानावर ‘लाल ट्रक, ११ रुपये’. पुढे पेन्सिलीने: ‘मुलगी आजारी, मागू नये’.