सुट्टीत मला छळलं ते खाण्याने नाही, वजनकाट्याने

सुट्टी लागून चौथा दिवस. सकाळी काट्यावर उभी राहिले तर वजन दोन किलो तीनशे ग्रॅमने जास्त. काटा सपाट फरशीवर आहे का ते वाकून पाहिलं. उतरले, पुन्हा चढले. चष्मा काढूनसुद्धा चढले. आकडा तोच.

आधीचे तीन दिवस तसे बरे गेले होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बिघडलं ते त्या सकाळनंतर. दुपारचं जेवण टाळलं. संध्याकाळी चार माणसांत बसले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे किती खाल्लं याचा हिशेब पहिल्या पाच मिनिटांतच सुटला. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे ग्रॅम वर. मग व्यायाम दुप्पट केला. गुडघा धरला, आकडा मात्र ढिम्म. असे पाच दिवस गेले. सकाळी काटा, मग दिवसभर चिडचिड, रात्री पुन्हा जास्त खाणं.

शेवटी वैतागून कागद-पेन घेऊन बसले. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त जाव्या लागतात. म्हणजे दोन किलो तीनशेला 17,710. तीन दिवसांत! रोज जवळजवळ सहा हजार, तेही नेहमीच्या जेवणावर. मी खाणारी आहे, पण एवढी नाही.

ते बरंचसं पाणी होतं. गोड आणि पिठूळ खाल्लं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट खाण्याने आणखी पाणी साचतं. हे मी पूर्वी वाचलंही होतं. काट्यावर उभं असताना आठवत नाही, एवढंच.

काटा कपाटावर टाकला आणि दुपारी पोटभर जेवले. उपाशीपोटी पंगतीला बसू नका, हे मी गुडघा दुखवून शिकले आहे. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी वीस मिनिटं थांबायचं, पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. आणि ताट पूर्ण रिकामं करायचं नाही. रिकामं दिसलं की कुणीतरी वाढतंच, मग ‘नको नको’ करत बसावं लागतं.

हो, चालण्याचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस. ती सलग असावीत असंही नाही. मी शुभेच्छांचे फोन चालत चालत घेतले, निम्मी तिथेच भरली. गोड पेयं मात्र सरळ बंद केली. त्यांनी पोट भरत नाही आणि मोजणीतही येत नाहीत. जागरणं काही टाळता आली नाहीत, आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक जरा जास्तच लागायची.

सुट्टी संपल्यावर आठवड्याने काटा खाली काढला. सातशे ग्रॅम जास्त. ते माझेच असावेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.